अकरावी पायरी

माझ्या भाचीला मी टाचणी म्हणतो. हे नाव तिला सातव्या वर्षी मिळालं. मी बहिणीला एक पलंग करून दिला होता. घरातले सगळे त्यावर हात फिरवून कौतुक करत होते. ही पलंगावर बसली, उतरली, पुन्हा बसली आणि म्हणाली, "मामा, याचा एक पाय उडतो."

मी म्हणालो, जमीन वाकडी आहे. तिने पलंग दुसऱ्या जागी सरकवायला लावला. तिथेही तोच पाय उडाला. एक सूत कमी होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या फुग्याला लागलेली ती पहिली टाचणी.

आता ती एकोणचाळीसची आहे. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. कुणी कण्हत फोन केला तरी ती आधी विचारते, "वरचा की खालचा?" मग पेन्सिलीने वहीत वेळ लिहिते. शाईने लिहीत नाही, कारण दुखणं थांबलं की लोक येत नाहीत. लग्न केलं नाही. लग्नाचं विचारणाऱ्या बायकांना ती म्हणते, "गुरुवारी चार वाजता जागा आहे." बोलणं तेवढंच. पण एका विषयावर ती तासभर बोलू शकते, आणि तो विषय म्हणजे एक व्हिडिओ गेम.

खेळाचं नाव सांगत नाही. ज्यांनी खेळलाय ते पायरी म्हटल्याबरोबर ओळखतील. एक मोठं, रिकामं हॉटेल आहे. एक बाई आपल्या हरवलेल्या भावाला शोधत त्यात शिरते. हॉटेलात एक म्हातारी कामवाली तेवढी उरलेली आहे, आणि अंधारात फिरणारं आणखी कोणीतरी. मधोमध सतरा पायऱ्यांचा जिना आहे. त्यातली अकरावी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच आहे. खेळ बनवणाऱ्यांची चूक, दुसरं काही नाही. पण पळत गेलं की ती बाई तिथे ठेचकाळते, आवाज होतो आणि अंधारातलं कोणीतरी जागं होतं. वीस वर्षं जगभरचे लोक त्या पायरीवर पडले. पुढे खेळाच्या नव्या आवृत्त्या आल्या, सगळं सुधारलं. पायरी मात्र तशीच ठेवली, कारण लोकांनी ती काढू दिली नाही. ही मंडळी एकमेकांना भेटली की कुठल्याही जिन्यावर अकराव्या पायरीला गुडघा वर उचलतात. ती त्यांची खूण.

हे सगळं टाचणीने मला किमान दोनशे वेळा सांगितलं होतं. मी हूं हूं करत होतो. पुढचं सगळं त्या हूं हूंचं फळ आहे.

तिला हा खेळ लागला त्याचंही कारण सांगायला हवं, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही. एकोणीस वर्षांची असताना ती आमच्या घरी आली होती. माडीवर कपाट बघायला चढली आणि चौथ्या पायरीवर आपटली. घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. शेजारच्या कुणीतरी जुना कॉम्प्युटर आणि हा खेळ आणून दिला. घरातला जिना मी केलेला. मी त्या दिवशी म्हणालो, "चप्पल घसरली. असल्या गुळगुळीत चपला घालून जिना चढायचा का?" आणि वीस वर्षं तेच म्हणत राहिलो. चपलेला बोलता येत नाही, त्यामुळे ते चालून गेलं.

मी सिनेमाच्या सेटचा सुतार. अडतीस वर्षं काम केलं, गेल्या वर्षी थांबलो. सेटचं काम म्हणजे महिनाभर उभं राहून मग मोडायचं काम. त्यामुळे बरेच जण उरकतात. मी उरकत नसे. कॅमेऱ्याला कधी न दिसणाऱ्या बाजूलाही रंधा मारायचो. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला कळलंही नाही. मला मात्र कळायचं, आणि दुपारी डबा खाताना मी ते चार जणांना कळवायचो.

शेवटच्या वर्षी या खेळावर सिनेमा निघाला. टाचणीने त्या लोकांना एक पत्र लिहिलं. त्यात चौऱ्याऐंशी मुद्दे होते: काय बदलू नये आणि का. बहुतेकांनी ते पत्र केरात टाकलं असतं, पण निर्माती हुशार बाई होती. तिने टाचणीला बोलावून घेतलं आणि सल्लागार म्हणून ठेवलं. दवाखान्यातून दोन महिन्यांची रजा घेऊन ही वरच्या ऑफिसात बसू लागली. मी खाली वर्कशॉपमध्ये. लेक मोठ्या कामाला लागली म्हणून ताई खूश होती.

वर काय चालायचं ते मला टाचणी चहाच्या वेळी सांगायची. निर्माती म्हणे, "खेळ खेळलेले लोक पहिला दिवस भरतील. दुसरा दिवस कोण भरणार? माझी आई. माझ्या आईला कळलं पाहिजे." प्रत्येक मुद्द्याला तिची आई आडवी यायची. टाचणी म्हणे, "पहिल्या दिवसाचेच लोक तुमच्या आईला सांगतात, जा म्हणून किंवा जाऊ नको म्हणून." दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण संपेना. एकेक मुद्दा पडत गेला. नायिकेच्या हातातला कंदील गेला, बॅटरी आली. भाऊ मेला होता, तो जिवंत झाला. चौऱ्याऐंशीचे चाळीस उरले, चाळिसाचे नऊ.

शेवटी टाचणी म्हणाली, "नऊही घ्या. पायरी तेवढी द्या."

निर्मातीने दिली.

टाचणीने मग आपल्या मंडळींना कळवलं. इंटरनेटवर त्यांचा गट आहे, वीस वर्षांचा. तिथे तिला मान आहे. हॉटेलाचा नकाशा सगळ्यांत आधी तिने काढला, पेन्सिलीने, दवाखान्याच्या वहीत. तिने लिहिलं: बाकी पुष्कळ बदललंय, तुम्ही चिडाल. पण पायरी असेल. माझा शब्द आहे.

आता माझा भाग.

जिन्याचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं. सतरा पायऱ्या. सोळांची उंची साडेसहा इंच आणि अकरावीची साडेआठ. मी हसलो. ड्रॉइंग काढणाऱ्यांच्या असल्या चुका मी आयुष्यभर गुपचूप सुधारल्या आहेत आणि त्याचा मला गर्व होता. जिन्यात एक पायरी दोन सूत जरी वेगळी असली तरी माणूस पडतो. इथे तर दोन इंच. कागदाच्या कडेला लाल शाईत काहीतरी लिहिलेलं होतं. मी कडेचं वाचत नाही. ज्यांनी करवत धरली नाही ते लोक कडेला लिहितात असं माझं मत होतं.

एकूण उंची एकशे साडेबारा इंच. भागिले सतरा. सहा इंच पाच सूत प्रत्येकी, शेवटचीला एक सूत कमी. आठ दिवसांत जिना उभा केला. काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला, पाण्याची पातळी लावून बघितली. वरून गोटी सोडली तर ती सतराही पायऱ्यांवर सारख्या तालात वाजत खाली आली. रंगाऱ्याने दगडाचा रंग दिला. अडतीस वर्षांतला सर्वात चांगला जिना. मी डबा खाताना चार जणांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी मोबाईल घेऊन आली. मंडळींना फोटो पाठवायचा होता.

"मामा, चढू का?"

"चढ. पायऱ्या वाळल्यात. कठड्याला हात लावू नको."

ती चढू लागली. ओठ हलत होते, मोजत होती. दहा झाल्या. अकरावीला तिने न बघता गुडघा उचलला, चांगला वर, आणि पाय खाली आला तो दोन इंच हवेतून. ती पुढे कोलमडली आणि तिने कठडा धरला.

"म्हटलं होतं ना कठड्याला हात लावू नको," मी म्हणालो.

ती तळहाताकडे बघत उभी राहिली. तळहात राखाडी झाला होता. "मामा, अकरावी कुठाय?"

"तू उभी आहेस तीच."

"ही नव्हे. उंच असते ती."

"होती. कागदावर कुणीतरी चुकून उंच काढली होती. मी सारखी केली."

ती खाली आली, एकेक पायरी, अगदी सावकाश. "कडेला लिहिलं होतं."

"काय?"

"अकरावी मुद्दाम उंच आहे, कृपया सारखी करू नये. दोनदा अधोरेखित केलं होतं."

"कुणी लिहिलं होतं?"

"मी."

माझ्या हातात पेन्सिल होती, ती मी कानावर ठेवली. कानावर आधीच एक होती. दोन्ही खाली पडल्या.

"मी तुम्हाला दोनशे वेळा सांगितलंय, मामा."

"मला वाटलं, तुझा खेळ वेगळा आणि हा जिना वेगळा."

यावर ती हसली असती तर बरं झालं असतं.

शूटिंगला चार दिवस होते. आम्ही वर गेलो. निर्माती आणि दिग्दर्शक दोघंही बसले होते. दिग्दर्शक हा अबोल माणूस, सतत पेन्सिलीला टोक करत असायचा. टाचणीने काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. चूक कुणाची ते सांगितलं नाही.

निर्माती माझ्याकडे वळली. "मिस्त्री, तुम्ही माझं काम सोपं केलंत. मला ती पायरी पहिल्यापासून नको होती. आईला वाटलं असतं, नटी खरंच धडपडली आणि यांनी तोच तुकडा ठेवून दिला. आता राहू दे अशीच. जिना सुंदर झालाय."

आयुष्यात पहिल्यांदा एका निर्मातीने माझ्या जिन्याला सुंदर म्हटलं, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

टाचणी एवढंच म्हणाली, "मग मी आज मंडळींना कळवते. आणि उद्यापासून दवाखान्यात जाते. माझं इथलं काम संपलं."

ऑफिसचा जिना उतरताना मी तिला म्हणालो, "त्यांना सांग, सुताराने घोळ घातला."

"शब्द सुताराने दिला नव्हता," ती म्हणाली. "उद्या सकाळी कळवीन. आज हात उचलत नाही."

घरी आलो ते पाच वाजता. खुर्चीत बसलो. बायकोने विचारलं, मी सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे जिथे चूक हवी होती तिथे तुम्ही बरोबर केलंत."

"हो."

"आणि जिथे बरोबर हवं होतं तिथे?"

ती घड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत उचलून माडीवर निघाली. पाय दिसायला वाव नव्हता. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पायरीला तिने गुडघा उंच उचलला, पुढे पुन्हा नेहमीसारखी चढली. न बघता. ढीग हललासुद्धा नाही.

हे मी तीस वर्षं रोज बघत आलो होतो. मीही तसाच चढतो. माझा मुलगा तसाच चढायचा, आता दूर राहतो तरी आला की तसाच चढतो. पडतो तो फक्त पाहुणा.

मी उठलो, टेप घेतला आणि चौथी पायरी मोजली. मोजायची गरज नव्हती. एक इंच तीन सूत जास्त. घराचा जिना मी सुट्टीच्या दिवसांत केला होता. खालच्या तीन पायऱ्या एका रविवारी. वरच्या आठ पुढच्या रविवारी, माडीपासून खाली येत येत. मधे जे उरलं ते चौथीच्या वाट्याला आलं. त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. दमलो होतो. म्हटलं, पुढच्या रविवारी बघू.

बायको वरून वाकून बघत होती. "आत्ता मोजताय?"

"तुला माहीत होतं?"

"अहो, बारा पायऱ्यांत एकच उंच आहे, ते पायाला कळत नाही होय? तुम्ही दुसऱ्यांच्या जिन्यांना नावं ठेवता, म्हणून मी गप्प होते. ऐकायला मजा यायची."

मी टाचणीला फोन केला. म्हणालो, काही कळवू नको, सकाळी नऊला ऑफिसात ये.

सकाळी निर्माती, दिग्दर्शक आणि टाचणी समोर होते. मला उभ्याने बोलायची सवय नाही. मी काम करताना बोलतो. म्हणून टेबलावरच्या फायली घेऊन त्यांचा लहानसा जिना रचला, त्यात एक फाईल जाड.

"तुमच्या सिनेमात ती म्हातारी कामवाली आहे ना," मी म्हणालो, "तिला आधी चढू दे. हातात चादरींचा ढीग. समोरचं दिसत नाही. ती अकराव्या पायरीला न बघता पाय उचलते आणि जाते. काही बोलायचं नाही. मग तुमची नायिका चढेल आणि पडेल. ती परकी आहे. शेवटी, भाऊ सापडल्यावर, ती अंधारात पळत चढेल आणि न बघता पाय उचलेल."

दिग्दर्शकाची पेन्सिल थांबली.

निर्माती म्हणाली, "आईला हे कळेल?"

"घरात जिना असलेल्या कुणालाही कळेल."

"तुम्हाला कसं सुचलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. तिघंही ऐकून घेतील असा चेहरा करून बसले होते, आणि टाचणी माझ्याकडे बघत होती, त्या पलंगाकडे बघितलं होतं तशी.

"माझ्या घरी अशी पायरी आहे," मी म्हणालो. "चौथी. घरचे सगळे पाय उचलतात. पाहुणे पडतात."

"मुद्दाम केलीत?" दिग्दर्शकाने विचारलं.

"नाही. चुकली."

मग टाचणी म्हणाली, "आणि माझी चप्पल?"

"चप्पल चांगली होती."

"वीस वर्षं झाली, मामा."

"हो."

"मी ती फेकून दिली होती. नवी होती."

"मला माहीत आहे."

निर्मातीला यातलं काही कळलं नाही, पण ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. बहुधा आईच्या नजरेने. मग म्हणाली, "तीन दिवसांत होईल?"

दिग्दर्शकाने तेवढ्यात कागदावर म्हातारी काढलीसुद्धा होती, चादरींसकट.

चूक मुद्दाम करणं किती कष्टाचं असतं ते मला त्या तीन दिवसांत कळलं. मला वाटलं होतं, एका फळीखाली पाचर ठोकली की झालं. तसं होत नाही. बाकीच्या सोळा पायऱ्या तंतोतंत साडेसहा झाल्या तरच अकरावी चुकलेली दिसते. नाहीतर सगळा जिनाच वाकडा वाटतो. पहिल्या दहा एकेक सूत वाढवत खाली घ्याव्या लागल्या, दहावी दहा सूत. अकरावी पाच सूत वर, बारावी चार, तेरावी तीन. फक्त वरच्या दोन जागच्या जागी राहिल्या. पंधरा फळ्या काढल्या, पंधरा बसवल्या. अकरावी बसवताना हात दोनदा आपोआप सारखी करायला गेला. माझ्या बारा पायऱ्यांच्या घरात जे दमल्यावर एका रविवारी जमलं होतं, ते इथे जागेपणी तीन दिवस घेऊन जमलं. गोटी सोडली. दहा पायऱ्या ताल, मग एक उशीर, मग पुन्हा ताल.

टाचणी आली, चढली, अकरावीला गुडघा उचलला. पाय टेकला. तिथे उभी राहून म्हणाली, "दोन इंच." मग वाकून करंगळी लावून बघितली. "बरोबर."

तिने फोटो काढला नाही. म्हणाली, "थिएटरातच बघू दे त्यांना."

सिनेमा लागला त्या दिवशी आम्ही दुपारच्या शोला गेलो. टाचणी आणि तिची मंडळी तिसऱ्या रांगेत, पंचविसेक जण, वकील, नर्स, एक आजोबासुद्धा. ती मधोमध, पाठ ताठ. मी आणि बायको मागे. बायकोने तो खेळ कधी बघितलेला नाही. जिन्याचा घोळ तिला माहीत होता, पण म्हातारीचं मी काही सांगितलं नव्हतं.

कंदिलाऐवजी बॅटरी निघाली तेव्हा तिसऱ्या रांगेतून उसासा आला. भाऊ जिवंत असल्याचं कळलं तेव्हा दुसरा, मोठा. टाचणीची पाठ हलली नाही. मग म्हातारी कामवाली चादरी घेऊन जिन्याशी आली. ती चढू लागली आणि मला तिसऱ्या रांगेत डोकी हलताना दिसली. मोजत होते. अकरावीला म्हातारीने गुडघा उचलला आणि निघून गेली. मग पंचवीस डोकी वळून टाचणीकडे बघू लागली. पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती मात्र पडद्याकडेच बघत राहिली. तिचा कान तेवढा लाल झालेला मला मागून दिसला.

शेजारी बायको माझ्या कोपराला ढोसून म्हणाली, "बघा, तिच्या घरचा सुतारही तुमच्यासारखाच दिसतोय."

निर्मातीच्या आईला कळलं की नाही, ते मी नंतर विचारलं नाही. मला उत्तर मिळालं होतं.

मंडळींनी आपला अभिप्राय लिहिला. टाचणीने तो मला वाचून दाखवला. त्र्याऐंशी तक्रारी, क्रमांक घालून. शेवटी एक ओळ: पायरी बरोबर आहे, शब्द पाळला. ती ओळ तिने दोनदा वाचली. मग दवाखान्याच्या वहीत उतरवून घेतली, शाईने.

मी निवृत्त झाल्यावर पहिलं काम घरची चौथी पायरी दुरुस्त करायचं ठरवलं होतं. बायको नको म्हणाली. म्हणे, आता सारखी केलीत तर आम्ही सगळे पडू. तेवढ्यात टाचणीने मंडळींना सगळं सांगून टाकलं, चपलेसकट. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी अनोळखी माणसं दार वाजवतात. नम्रपणे विचारतात, पायरी बघता येईल का. टाचणी त्यांना आमच्याकडे यायची वेळ देते, रविवारी चार ते पाच. येतात, चढतात, चौथीला गुडघा उचलतात, फोटो काढतात. अडतीस वर्षांत मी सेटवर केलेला एकही जिना आज उभा नाही. सगळे मोडून त्यांचं जळण झालं. हाच एक उरलाय.

मी खाली टेप घेऊन उभा असतो. सांगतो, बाकीच्या अकरा पायऱ्या सुतासुताने बरोबर आहेत, बघा मोजून. अजून कुणी मोजलेल्या नाहीत.